ऐतिहासिक कादंबरीत प्रेम आणि भूत एकत्र कसं आणायचं: साल ठरवण्यापासून शेवटच्या तपासणीपर्यंत

ऐतिहासिक काळ, त्यात प्रेमकथा आणि त्यात काहीतरी गूढ, अंगावर येणारं, अशी कादंबरी लिहायला घेतलेले आपल्या सोलापूर भागात बरेच जण आहेत. त्यांचे मसुदे वाचायला मिळतात तेव्हा घोळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी झालेला दिसतो. लेखकाला आधी भूत सुचलेलं असतं, मग भुताला राहायला एक वाडा शोधला जातो, वाड्याला शोभेल असा काहीतरी काळ चिकटवला जातो आणि शेवटी दोन तरुण माणसं आत सोडली जातात. पहिली शंभर पानं हे चालून जातं. नंतर प्रेमाच्या प्रकरणात इतिहास दिसत नाही, लढाईच्या प्रकरणात भूत दिसत नाही, आणि वाचणाऱ्याला तीन वेगळी पुस्तकं आळीपाळीने वाचल्यासारखं वाटतं.

क्रम बदलला तर यातलं बरंच सुटतं. आधी साल आणि जागा, मग त्या सालात त्या जागी प्रेमाच्या आड येणारी गोष्ट, आणि मग त्याच गोष्टीतून भूत. लिहिणं सगळ्यात शेवटी. खाली एकच उदाहरण घेऊन सगळे टप्पे दाखवलेत, ते उदाहरण उचलायचं नाहीये, पद्धत बघायची आहे.

टप्पा १: साल आणि जागा, दोन्ही नेमकी

"पेशवाईचा काळ" हे साल नाही. "इंग्रजांच्या काळात" हे तर अजिबात नाही. कादंबरी जास्तीत जास्त दोन-तीन वर्षांत घडवा, कारण काळ पसरला की तुम्ही इतिहास सांगायला लागता आणि माणसं मागे राहतात.

सोलापूर आणि आसपास निवडायला काय काय आहे ते बघा. १५२४ साली अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचं विजापूरच्या आदिलशहाच्या बहिणीशी, बीबी मरियमशी लग्न झालं, हुंड्यात सोलापूरचा किल्ला द्यायचं ठरलं होतं आणि तो दिला नाही म्हणून दोन राज्यांत युद्ध पेटलं. पुढे तालिकोटच्या लढाईआधी (१५६५) चांदबिबीचं लग्न अली आदिलशहाशी झालं तेव्हा हाच किल्ला पुन्हा हुंड्यात. म्हणजे आपला भुईकोट दोनदा लग्नाच्या बोलणीत आलाय, आणि तरी लोक कादंबरीसाठी कुठलातरी काल्पनिक गड शोधत बसतात. मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला भीमेच्या काठी औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ होती, तंबूंचं एक अख्खं शहरच. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ आहे, त्याच दुष्काळात १८७७ साली सोलापुरात पहिली कापड गिरणी सुरू झाली, ती आपली जुनी मिल. आणि १९३० चा मे-जून आहे, मार्शल लॉ, रस्त्यावर लष्कर, गांधी टोपी घातली म्हणून शिक्षा.

उदाहरणासाठी मी १८७७ घेतो, आणि जागा आष्टी तलाव. आता मोहोळ तालुक्यात आहे तो. त्याचं काम दुष्काळी काम म्हणून सुरू झालं, उपाशी लोकांनी दगड-माती वाहून बांध घातला. पाणी नसलेला तलाव, बांधावर हजारो माणसं आणि हिशेब ठेवणारे कारकून, एवढ्यावर कादंबरी उभी राहू शकते.

*तपासा:* तुमचं साल दहा वर्षं मागे-पुढे सरकवून बघा. गोष्ट तशीच्या तशी चालत असेल तर साल अजून निवडलेलंच नाही.

टप्पा २: कागद गोळा करणे आणि ते नीट लावणे

इथे दोन टोकं दिसतात. एक जण काहीच वाचत नाही, दुसरा तीन वर्षं नुसता वाचतच बसतो. दोघांचीही कादंबरी होत नाही.

एकोणिसाव्या शतकासाठी पहिलं हाताशी धरायचं ते मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूरचा खंड, १८८४ चा. इंग्रजीत आहे, इंटरनेटवर फुकट मिळतो. त्यात पिकं, जाती, घरं, दागिने, रस्ते, बाजारभाव, सावकारीचे दर, दुष्काळाची माहिती सगळं आहे. फक्त लक्षात ठेवा की तो साहेबाच्या नजरेने लिहिलाय, माणसांच्या स्वभावाबद्दलची त्याची मतं उचलू नका, वस्तू आणि आकडे उचला. स्थानिक पुस्तकं, स्मरणिका, जुने अंक यासाठी हिराचंद नेमचंद वाचनालयात बसा. त्याआधीचा काळ असेल तर पुण्याचं पुरालेखागार आणि भारत इतिहास संशोधक मंडळ. मोडी येत नसेल तर छापलेल्या पत्रांच्या खंडांवर काम भागतं, कादंबरीसाठी तेवढं पुरे.

टिपणं काढताना विषयवार वही करू नका, ती पुन्हा उघडली जात नाही. एका पानावर एक दिवस घ्या. तुमचं पात्र सकाळी कशावर झोपलेलं उठतं, तोंड कशाने धुतं, काय खातं, कुणाला वाकून नमस्कार करतं, कुणाला करत नाही, पायात काय घालतं, अंधार पडल्यावर काय पेटवतं, पैसे कुठे ठेवतं, कुणाला घाबरतं. असा एक उन्हाळ्यातला दिवस, एक पावसाळ्यातला आणि एक सणाचा. या तीन पानांत जिथे जागा रिकामी राहील तेवढंच शोधायचं.

तारखांचा घोळ फार होतो म्हणून हे वेगळं सांगतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं (वर्षाचे शेवटचे काही महिने ७९). जुन्या कागदांवर दिसणाऱ्या फसली सनात ५९०, शुहूर सनात ५९९ मिळवायचे, त्यातही महिन्याप्रमाणे एक वर्ष इकडे-तिकडे होतं. हिजरीला अशी सरळ बेरीज चालत नाही कारण ते वर्ष छोटं असतं, त्याला तक्ता किंवा कन्व्हर्टरच वापरा.

*इशारा:* जागा प्रत्यक्ष बघून या, आणि कथेतल्या ऋतूतच जा. मे महिन्यातला बांध जानेवारीत हुरडा खात बघितला तर तुम्ही थंडीच लिहाल. आपल्याकडे मेमध्ये दुपारी बारा ते चार रस्त्यावर चिटपाखरू नसतं, आणि भीती लिहायला ही वेळ मध्यरात्रीपेक्षा चांगली आहे. भर दुपारी, टळटळीत उन्हात, सावली पायाखाली आलेली असताना जे दिसतं त्याला "अंधारात भास झाला" म्हणता येत नाही.

टप्पा ३: प्रेमाच्या आड काय येतं ते ठरवणे

"घरच्यांचा विरोध" एवढं लिहून लोक पुढे जातात आणि कादंबरी इथेच पडते. घरचे विरोध का करतात, कोणत्या नियमाने, तो नियम मोडला तर नक्की काय होतं, वाळीत टाकतात की वतन जातं की जीव जातो, हे माहीत पाहिजे. आणि तो नियम त्या काळात सगळ्यांना एकसारखा लागू नव्हता, खरी गोष्ट तिथेच सापडते.

आपलं उदाहरण बघा. गोदा ही भीमाकाठच्या गावातली धनगराची तरुण विधवा, धाकट्या भावाला घेऊन दुष्काळी कामावर आलेली. त्र्यंबक हा हजेरीपट लिहिणारा ब्राह्मण कारकून. आता गोदाच्या समाजात विधवेचा पाट लागतो, त्यात काही नवल नाही, मोहतूर लावून बाई पुन्हा संसाराला लागते. त्र्यंबकच्या समाजात हे चालत नाही. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला होता पण कायदा झाला म्हणून पंगतीत कुणी बसवून घेत नव्हतं, आणि इथे तर जातही वेगळी. म्हणजे दोघांतली गरीब, उपाशी, अडाणी बाई या एका बाबतीत मोकळी आहे आणि लिहिता-वाचता, पगारी पुरुष बांधलेला आहे. ही उलटापालट मला कल्पनेने सुचली नसती, ती त्या काळातच होती.

वयाचं बघा. १८७७ ला बावीस वर्षांची अविवाहित नायिका जवळजवळ अशक्य आहे, तरी दर दुसऱ्या मसुद्यात ती असते आणि वाड्याच्या सज्जात उभी असते. मुलींची लग्नं लहानपणी व्हायची. आणि खरं वय लिहायचं म्हणून लहान मुलीची प्रेमकथा लिहिणं हे मुळीच करू नका. मार्ग आहेत: तरुण विधवा, नवऱ्याने टाकलेली, देवाला सोडलेली, कलावंतीण, परदेशी गेलेल्या नवऱ्याची वाट बघून थकलेली. यातली प्रत्येक बाई सज्ञान आहे आणि प्रत्येकीसमोरची अडचण वेगळी आहे. पुरुषाचंही तेच, चोवीस वर्षांचा कारकून कुंवारा नसणार, त्र्यंबक विधुर आहे आणि घरून दुसरेपणाची बोलणी चाललीत.

*तपासा:* हे वाक्य पूर्ण करून बघा, "ते एकत्र आले तर अमुक माणूस अमुक नियमाने अमुक करेल." तिन्ही अमुक भरता आले पाहिजेत.

टप्पा ४: भूत, पण त्याच अडचणीतून

इथपर्यंत आल्याशिवाय भुताचा विचार करायचा नाही, हे परत सांगतो.

त्या दुष्काळात सरकारने जानेवारी १८७७ मध्ये कामावरची मजुरी कमी केली, पुरुषाला दिवसाला साधारण एक पौंड धान्य आणि एक आणा, बाईला आणि पोराला त्याहून कमी. रिचर्ड टेंपल नावाच्या अधिकाऱ्याच्या नावाने ती मजुरी ओळखली जाते. एक पौंड म्हणजे अर्धा किलोही नाही, दिवसभर दगड फोडून. आता हजेरीपटावरच्या एका नावाला काय किंमत आहे ते कळतं. नाव आहे तोवर धान्य आहे.

गोदा मरते. पटकी म्हणा, भूक म्हणा. तिचा आठ वर्षांचा भाऊ मागे राहतो. त्र्यंबक तिचं नाव पटावरून काढत नाही, धान्य पोराला मिळावं म्हणून रोज तिची हजेरी लावतो. ही सरकारी फसवणूक आहे आणि हेच त्याचं प्रेम आहे, त्याने तोंडाने कधीही जे म्हटलं नसतं ते तो पटावर लिहितोय. तिच्या नावापुढे निशाणी म्हणून तो बांगडीचं वर्तुळ काढतो, कारण लिहिता न येणारे निशाणी करायचे, कुणब्याची नांगराची तशी हिची बांगडीची. मग एके दिवशी तो पट उघडतो आणि निशाणी आधीच काढलेली असते. शाई ओली.

बघा, भूत आलं पण बाहेरून आलं नाही. ना वाडा, ना पिंपळ, ना पांढरी साडी. हजेरीपट, मजुरी आणि न बोललेलं प्रेम यातूनच उगवलं. यातलं काहीही काढलं तर बाकीचं उभं राहत नाही.

आता नियम. भुताचे नियम कागदावर लिहून काढा, चारच पुरे:

– ते काय करू शकतं. (पटावर निशाणी उमटते.)
– ते काय करू शकत नाही. (दिसत नाही, बोलत नाही, पटाबाहेर काही करत नाही.)
– त्याला काय हवंय. (भाऊ जगावा.)
– त्याची किंमत कोण देतं. (धान्य मोजून येतं. तिचा वाटा निघाला की दुसऱ्या कुणाचा तरी कमी पडतो.)

चौथा नियम लोक विसरतात आणि कादंबरीला काळोख येतो तो त्यातूनच. गोदाची निशाणी उमटते त्या दिवशी पटावरचं दुसरं एक नाव पुसट होत जातं, आणि हे त्र्यंबकच्या लक्षात यायला वेळ लागतो. ज्या बाईवर प्रेम होतं ती आता रोज एका माणसाचा घास घेतेय आणि थांबवायचं त्याच्या हातात आहे, फक्त नाव खोडायचं. पण नाव खोडलं की ती गेली आणि पोरगंही गेलं. इथून पुढची दोनशे पानं स्वतःच चालतात.

*इशारा:* भूत त्या मुलखाचं असू द्या. देवचार कोकणातला, तो भीमेकाठी आणू नका. आपल्याकडे विहिरीला, नदीच्या डोहाला साती आसरा असतात, पण त्यांची पूजा होते, नैवेद्य जातो, त्यांना नुसत्या चेटकिणी करून टाकू नका. मुंजा हा मुंज झालेला पण लग्नाआधी मेलेला मुलगा, त्याला पिंपळ लागतो. हडळ ही बाळंतपणात किंवा गरोदरपणी मेलेली बाई. खवीस वेगळा, जिन वेगळा. प्रत्येकामागे कुणाचं तरी अर्धवट राहिलेलं आयुष्य आहे आणि ते कोणतं हे लोकांना नेमकं माहीत असतं, म्हणून हडळ लिहिली आणि बाळंतपणाचा पत्ताच नसला की गावाकडचा वाचक पुस्तक मिटतो. शिवाय सोलापूर एका भाषेचं शहर कधीच नव्हतं. पूर्व भागातल्या तेलुगू विणकराच्या घरी म्हातारी दय्यम म्हणेल, अक्कलकोटकडची कानडी बाई देव्वा म्हणेल, आणि दोघी वेगवेगळ्या गोष्टीला घाबरत असतील.

टप्पा ५: श्रद्धा, खरी माणसं आणि खरे मृत्यू

हा टप्पा लिहिण्याआधीच उरकायचा, कारण दोनशे पानं झाल्यावर पात्र काढता येत नाही.

सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांच्या कथेत कुंभारकन्येचा त्यांच्या योगदंडाशी विवाह आहे. दर वर्षी संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, दुसऱ्या दिवशी होमात ती कन्या सती जाते तो विधी होतो. बाहेरून बघणाऱ्याला यात लगेच कादंबरी दिसते, प्रेम आहे, अग्नी आहे. माझं स्पष्ट मत आहे की या कथेला हात लावू नये. लाखो लोक नंदीध्वजाबरोबर चालतात, त्यांच्यासाठी ती आजची गोष्ट आहे, आणि तुमचं पात्र त्या गर्दीत उभं राहून अक्षता टाकू शकतं, रडू शकतं, कुणाची तरी वाट बघू शकतं, एवढी जागा कादंबरीला भरपूर आहे. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेचं आणि चोखोबांचंही तसंच.

१९३० घेणार असाल तर चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. त्यांना प्रेमप्रकरण चिकटवायचं नाही, त्यांचं भूत करायचं नाही. काल्पनिक पात्र घ्या, गिरणीतला एखादा जॉबर (कामगारांवरचा मुकादम), त्याची बायको, कर्फ्यूत अडकलेली दोघं.

किल्ल्याच्या तटात किंवा पुलाच्या पायात बळी दिल्याच्या दंतकथा महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. वापरा, पण "लोक असं सांगायचे" म्हणून पात्राच्या तोंडी वापरा. आणि बळी गेलेलं माणूस बहुतेक कथांत गरीबाघरचं, खालच्या मानलेल्या जातीचं किंवा बाईमाणूस असतं, त्याला नाव द्या, आई द्या, आवडीचं काहीतरी द्या. नुसतं भीती वाढवायला मेलेलं माणूस पुस्तकात नको.

टप्पा ६: आराखडा

दोन रांगा करा. एका रांगेत प्रेमाच्या जागा, पहिल्यांदा नजर, पहिली मदत, पहिलं खोटं, पहिला स्पर्श, विरह. दुसऱ्या रांगेत गूढाच्या जागा, पहिली खूण, दुसरी, खात्री, किंमत कळणं, निवड. आता एकेक जोडी जुळवा, म्हणजे प्रत्येक मोठ्या प्रसंगात दोन्ही रांगा हलतील. त्र्यंबकला निशाणी ओली दिसते तो भीतीचा क्षण आहे आणि "ती आहे" याचा आनंदही आहे. त्याने बोट लावून ती शाई कपाळाला लावली तर तो एकच प्रसंग दोन्ही कामं करतो.

पहिली विचित्र खूण पहिल्या पंधरा टक्क्यांत येऊ द्या, पण अशी की तिला साधं कारणही असू शकेल. खात्री अर्ध्यात. सगळ्यात जास्त लोक चुकतात ते तिसऱ्या भागात, तिथे अचानक मांत्रिक येतो, सगळा खुलासा करतो, लिंबू कापतो आणि संपतं. मांत्रिक लागतच असेल तर सुरुवातीला आणा आणि त्याला चुकू द्या. शेवट दोघांच्या निवडीने झाला पाहिजे.

*तपासा:* आराखड्यातून सगळं गूढ काढून टाका. उरलेली प्रेमकथा सुरळीत पूर्ण होत असेल तर भूत फुकट आहे. मग प्रेम काढून बघा, मग इतिहास. तिन्ही वेळा गोष्ट कोसळली पाहिजे.

टप्पा ७: भाषा

संवाद जुने वाटावेत म्हणून "आम्ही आपणांस निक्षून सांगतो की" असं लिहिण्याची एक सवय लागलेली आहे. दरबारात ठीक आहे, चुलीपुढे नाही. साधी बोली लिहा आणि फक्त त्या काळात नसलेले शब्द गाळा: टेन्शन तर सोडाच, "वातावरण तंग होतं", "संबंध सुधारले" हे पेपरातलं मराठीही गाळा. उलट आजची आपली बोली, "काय करलालास बे", जशीच्या तशी १८७७ च्या तोंडी घातली तर वाचक हसतो आणि भीती जाते. बोलीचा ठेका ठेवा, ठळक लकबी कमी करा.

कोण कुणाला कसं हाक मारतं हे पात्रांच्या यादीतच लिहून ठेवा. गोदा त्र्यंबकला नावाने हाक मारणं शक्य नाही, ती "रावसाहेब" किंवा "कारकूनबाबा" म्हणेल आणि तो तिला "ए बाई" पासून सुरू करून एके दिवशी "गोदा" म्हणेल. तो एक बदलच प्रेमाची कबुली आहे, वेगळी कबुली लिहायची गरज नाही.

भीतीचं वर्णन करताना "अंगावर काटा आला", "काळजाचा ठोका चुकला" हे लिहू नका, वस्तू लिहा. एका मसुद्यात असं असतं:

"त्र्यंबकच्या अंगावर भीतीने सरसरून काटा आला. काहीतरी अमानवी शक्ती तिथे वावरत होती."

हेच असं करता येतं:

"पट रात्री पेटीत होता आणि किल्ली जानव्याला. त्र्यंबकने पान उलटलं. गोदाच्या नावापुढचं वर्तुळ त्याच्यासारखं गोल नव्हतं, एका बाजूला जरा चेपलेलं होतं, तिच्या हातातली काचेची बांगडी दगडावर आपटून चिरली होती तिथे. त्याने बोट टेकलं. बोट काळं झालं. बाहेर मुकादम नावं पुकारायला लागला होता."

चिरलेल्या बांगडीची जागा फक्त त्याला माहीत आहे, कारण त्याने तिच्या हाताकडे बघितलं होतं. वाचकाला प्रेम आणि भीती दोन्ही एका चेपलेल्या रेघेत मिळतात.

टप्पा ८: पहिला खर्डा

यावर फार सांगण्यासारखं नाही. सलग लिहा, मागे जाऊ नका, माहिती अडली तर कंसात "शोधणे" लिहून पुढे जा. पहिल्या प्रकरणात इतिहासाची प्रस्तावना नको, प्रसंगाने सुरू करा. संशोधनातलं बरंच काही वापरलं जाणार नाही, आणि ते पुस्तकात दिसू नये हेच बरं.

टप्पा ९: काळाची चाळणी

खर्डा झाल्यावर एक वाचन फक्त यासाठी, कथेकडे न बघता.

*खाणं.* मिरची पोर्तुगीजांमुळे सोळाव्या शतकात आली, तेव्हा १५२४ च्या लग्नाच्या पंगतीत मिरचीचा ठेचा नको, तिखटपणाला मिरी. बटाटा, टोमॅटो त्याहून उशिरा. आणि आपली शेंगाचटणी! भुईमूग आपल्या शेतांत भरपूर पिकायला लागला तो एकोणिसाव्या शतकात, त्यामुळे चांदबिबीच्या काळात कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी देऊ नका, कितीही मोह झाला तरी. चहा घरोघरी झाला तो विसाव्या शतकात. दुष्काळात तर खाण्याचं वर्णनच वेगळं, पाला, बिया, कोंडा.

*उजेड.* काडेपेटी आणि रॉकेलचा दिवा एकोणिसाव्या शतकाच्या आधी नाही. त्याआधी करडई-एरंडाच्या तेलाचा दिवा, पलिते, मशाली, आणि विस्तव शेजारून मागून आणायचा. विस्तव मागायला जाणं हे भेटायचं निमित्त होऊ शकतं, ते सोडू नका.

*वेळ.* गावात घटका आणि प्रहर, "दोन मिनिटं" नाही. सोलापुरात रेल्वे १८६० च्या सुमारास आली, तिथून स्टेशनजवळ घड्याळाचा वेळ सुरू होतो, मिल आल्यावर भोंग्याचा. माळावरच्या बांधकामावर घंटा किंवा मुकादमाची हाळी.

*चंद्र.* प्रत्येक रात्रीच्या प्रसंगाची तिथी लिहा. अमावस्येनंतर तीन दिवसांनी मध्यरात्री चांदणं असलेले मसुदे सतत येतात. चतुर्थीचा चंद्र रात्री मावळतो की रात्री उगवतो हे शुद्ध-वद्यावर आहे. जुन्या सालाचं पंचांग कॉम्प्युटरवर निघतं, अधिक महिना आहे का तेही तिथेच कळेल.

*पैसा आणि मापं.* रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. धान्य शेर, पायली, मणात, अंतर कोसात. सरकारी कागदावर मात्र पौंड येईल, आणि लोकांच्या तोंडी शेर, हा फरक ठेवा.

*ओळख पटवणं.* १८७७ च्या सोलापुरात सरकारी कागदावर अंगठा उठवू नका. ती पद्धत तेव्हा बंगालमध्ये एका अधिकाऱ्याच्या प्रयोगापुरती होती. म्हणूनच वर निशाणी घेतली.

*कापड.* जॅकार्डच्या नक्षीची सोलापुरी चादर विसाव्या शतकातली. त्याआधी घोंगडं, वाकळ, धोतर-लुगड्याचा माग.

टप्पा १०: दुसऱ्याला वाचायला देणे

तीन वेगळी माणसं शोधा. एक इतिहास वाचणारा, त्याला फक्त "काय चुकलं" विचारा. एक प्रेमकथा आवडीने वाचणारी, तिला "कुठे या दोघांची काळजी वाटायची थांबली" विचारा. आणि एक कथा घडते त्या भागातली म्हातारी व्यक्ती, जिच्या घरात भुताखेताच्या गोष्टी सांगितल्या जातात. तिला वाचायला देऊ नका, तोंडी सांगा, दिवे लागल्यावर अंगणात बसून. ती मध्येच "असं नसतं" म्हणाली की थांबा आणि कसं असतं ते लिहून घ्या. तिघांची मतं एकत्र बसून ऐकू नका, वेगवेगळी घ्या, नाहीतर जो जोरात बोलतो त्याचंच मत राहतं.

"आवडलं का" हा प्रश्न कुणालाच विचारू नका. कोणत्या पानावर पुस्तक खाली ठेवलं तेवढं विचारा, आणि त्या पानाच्या मागची दहा पानं पुन्हा लिहायला घ्या, ते पान नाही. वाचक कंटाळतो त्याचं कारण बहुतेक वेळा आधीच्या प्रकरणात असतं, जिथे तिन्हीपैकी एक धागा सुटलेला असतो.